मुरूम, घरचे उपाय आणि मेडिकलमधली ट्यूब

रविवारी वंदना झाल्यावर विहारात मुलींची बैठक होते, तेव्हा पाळी, अंगावरून पांढरे जाणे, रक्त कमी असणे असे विषय आम्ही ठरवून नेतो. त्यावर मुली ऐकून घेतात, थोडे हसतात. पण सगळ्या उठायला लागल्या की एखादी मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "ताई, हे चेहऱ्यावरचं कशानं जाईल?" खरे सांगायचे तर पूर्वी आम्ही हा प्रश्न हसण्यावारी न्यायचो. वय आहे, आपोआप जाईल, असे म्हणून पुढे जायचो. आता तसे म्हणत नाही. कारण मुरूम आपोआप जातातही, पण ते घालवण्यासाठी घराघरांत जे चालले आहे त्याचे परिणाम आपोआप जात नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात बैठकीला आलेली नववीतली एक मुलगी डोळ्यांच्या खालपर्यंत स्कार्फ बांधून बसली होती. वीज गेलेली, पंखा बंद, सगळ्या वहीने वारा घेत होत्या, पण हिने स्कार्फ सोडला नाही. नंतर बाजूला नेऊन पाहिले, तर दोन्ही गाल लालभडक, त्यावर बारीक लाल रेषा, एकसारख्या लहान लहान पुळ्या आणि कानाजवळ दाट लव. काय लावतेस, असे विचारले तर म्हणाली, "काहीच नाही ताई." थोड्या वेळाने म्हणाली, "आत्यानं क्रीम दिली होती. तिनं गजकर्णासाठी आणली होती. पहिल्या आठवड्यात इतकं छान झालं होतं, सगळ्या विचारत होत्या, गोरी कशी झालीस म्हणून." ती क्रीम ती आठ महिने लावत होती. त्या ट्यूबबद्दल पुढे सविस्तर लिहितो. आधी मुरूम म्हणजे काय ते समजून घेऊ, म्हणजे घरचा कोणता उपाय का चालतो आणि कोणता का चालत नाही, ते तुम्हालाच ओळखता येईल.

आपल्या कातडीवर जिथे जिथे केसाचे भोक आहे तिथे आत तेल तयार करणारी एक बारीक ग्रंथी असते. चेहरा, छाती आणि पाठ इथे या ग्रंथी मोठ्या असतात. बारा-तेरा वर्षांच्या पुढे शरीरात वयात येण्याची संप्रेरके वाढतात, मुलांमध्ये आणि मुलींमध्येही, आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी भोकाच्या तोंडाशी मेलेल्या कातडीचा चुरा साचतो. मोरीच्या जाळीत केस आणि साबणाचा चिकटा अडकला की पाणी कसे तुंबते, तसे ते तेल आत तुंबते. तोंड बंद राहिले तर पांढरा दाणा दिसतो, उघडे राहिले तर काळा. हा काळा रंग मळाचा नसतो. आत साचलेल्या पदार्थाला हवा लागून आणि कातडीच्या स्वतःच्या रंगामुळे तो काळा दिसतो. म्हणून कितीही घासले तरी निघत नाही. तुंबलेल्या तेलात एरवीही कातडीवर राहणारे जंतू वाढतात, शरीर त्यांच्याशी झगडते, आणि मग लाल, दुखरी, पूवाची पुळी येते.

यावरून दोन-तीन गोष्टी सरळ निघतात. मुरूम अस्वच्छतेने येत नाहीत. एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. पोट साफ नसणे, रक्त खराब असणे, "अंगातली गरमी" यांचा संबंध नाही. आणि मुलीच्या मनात काय चालले आहे याचा तर मुळीच नाही. तो टोमणा आमच्या पिढीने खाल्ला, निदान आपल्या मुलींना तरी मारू नका. लग्न झाले की जातात, हेही खरे नाही. विशीनंतर बहुतेकांचे कमी होतात, मग लग्न होवो अथवा न होवो, आणि काही बायकांना पस्तिशी-चाळिशीतही येतात.

आता घरी काय करायचे ते पाहू. घरचा सगळ्यात चांगला उपाय अगदी साधा आहे, आणि साधा आहे म्हणूनच तो कोणी करत नाही. दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि रात्री, साध्या पाण्याने चेहरा धुवा. घाम गाळून घरी आलात तर आणखी एकदा. वस्तीत पाणी मोजून मिळते हे आम्हाला माहीत आहे. याला दोन तांबे पुरतात. साबण सौम्य हवा, लहान मुलांचा चालेल. कपड्याचा साबण, अंगाचा लाल जंतुनाशक साबण आणि जखमेसाठी आणलेले जंतुनाशक चेहऱ्याला नको. बोटांच्या टोकांनी हलके लावा, वज्री, काथ्या किंवा खरखरीत टॉवेलने घासू नका. कातडी घासून कोरडी केली म्हणजे आतले तेल थांबत नाही, फक्त वरची कातडी सोलते आणि लाली वाढते. पुसायला प्रत्येकाचा फडका वेगळा असला तर उत्तम, आणि एका खोलीत पाच माणसे असली तरी एवढे जमते.

केसांच्या तेलाकडे कोणाचे लक्ष जात नाही. शाळेत जायच्या आधी आई खोबरेल चापून वेणी घालते, ऊन लागले की ते तेल कपाळावर उतरते. कपाळाच्या कडेने, केसांच्या रेषेला लागून बारीक दाणे येत असतील तर पहिला संशय तेलावर घ्या. तेल सोडायला सांगत नाही. आदल्या रात्री लावा, कमी लावा, कपाळ पुसून घ्या आणि उशीची खोळ आठवड्यातून दोनदा धुवा. मुरूम असलेल्या चेहऱ्यावर मात्र खोबरेल किंवा मोहरीचे तेल चोळू नका, भोके आणखी बुजतात. घामाने भिजलेला स्कार्फ, हेल्मेटचा पट्टा, कामावरचा मास्क जिथे घासतो तिथेही पुळ्या येतात. स्कार्फ रोज धुवायचा.

फोडायचे नाही. हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो आणि सगळ्या मान डोलावून पुन्हा फोडतात. नखाने दाबले की पू थोडा बाहेर येतो आणि बराचसा आत कातडीखाली फुटतो. तिथेच खड्डा पडतो. आपली कातडी सावळी असते, तिच्यात रंगद्रव्य भरपूर, त्यामुळे जरा इजा झाली की तिथे काळा डाग उमटतो आणि मुरूम गेल्यावरही महिनोन्महिने राहतो. नाक आणि वरचा ओठ यांच्या आसपासची पुळी फोडल्याने संसर्ग आत पसरून जिवावर बेतल्याचीही उदाहरणे वैद्यकात आहेत. क्वचित घडते, पण घडते. पुळी ठणकत असेल तर स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून किंवा माठाच्या गार पाण्यात भिजवून पाच मिनिटे धरा. आत खोल गाठ असेल तर सोसेल एवढ्या कोमट पाण्याचा फडका दहा मिनिटे, दिवसातून तीन वेळा.

मग हळद, बेसन, मुलतानी माती, कडुनिंब, कोरफड? प्रत्येकीची एक मावशी असते आणि प्रत्येक मावशीचा एक लेप असतो. आम्ही लेपांच्या विरोधात नाही, पण त्यांच्याकडून काय होते आणि काय होत नाही ते माहीत असावे. मुलतानी माती वरचे तेल शोषते. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटे, आणि वाळून तडे जायच्या आत धुऊन टाकायची. रोज लावली तर कातडी फुटते. कोरफडीचा गर दाह शांत करतो, मुरूम घालवत नाही. पान कापले की आधी उभे धरून पिवळा चीक गळू द्या, तो चीक खाजतो, मग पान धुऊन आतला पारदर्शक गर घ्या. कडुनिंबाची पाने उकळून गार केलेल्या पाण्याने तोंड धुवायला हरकत नाही. पानांचा भरड लेप घासला तर कातडीला ओरखडे येतात. हळदीने सूज थोडी कमी होऊ शकते, पण सुट्या हळदीत रंगाची भेसळ असते, तेव्हा हळकुंड उगाळून घेतलेले बरे. काहीही नवीन लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा. चेहऱ्यावर चुरचुरले तर लगेच धुवा. चुरचुरते म्हणजे गुण येतोय, हा समज कोणी पसरवला कोण जाणे.

लिंबू मात्र नको. लिंबाचा रस तीव्र आंबट, तो लावून उन्हात गेले की कातडी भाजते आणि डाग आणखी काळा होतो. खाण्याचा सोडा, कच्चा लसूण, दालचिनी, टूथपेस्ट हे सगळे कातडी जाळतात. टूथपेस्ट आम्हीही लावली आहे, नर्सिंगच्या पहिल्या वर्षी, हॉस्टेलवर, वॉर्डातल्या ड्युटीच्या आदल्या रात्री. सकाळी हनुवटीवर पुळीच्या जागी सालपट निघालेला चट्टा होता आणि सिस्टर ट्यूटरने सगळ्या वर्गासमोर तो दाखवून शिकवले. सगळ्यात वाईट चुना. पान-तंबाखूच्या डबीतला चुना फोडावर लावायची सवय आपल्या वडीलधाऱ्यांना आहे. चुन्याने फोड बसत नाही, कातडी भाजते.

आता ती ट्यूब. खाज, गजकर्ण, गांधीलमाशी चावणे अशा कशासाठी तरी एक ट्यूब बहुतेक घरात फळीवर पडलेली असते. डॉक्टरने कधीतरी लिहून दिलेली, किंवा मेडिकलवाल्या दादाने "ही घ्या, लगेच आराम पडेल" म्हणून दिलेली. तिच्यावर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन अशी नावे असतात. ही स्टिरॉइडची औषधे आहेत. योग्य आजारात, योग्य जागी, मोजक्या दिवसांसाठी ती चांगलीच उपयोगी पडतात. पण चेहऱ्यावर लावली की काय होते ते पाहा. पहिल्या काही दिवसांत रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, सूज बसते, रंग उजळ दिसतो. मुलगी खूश, आई खूश. काही आठवड्यांनी कातडी पातळ होऊ लागते. आतल्या रक्तवाहिन्या लाल धाग्यांसारख्या दिसतात, गालावर लव वाढते, उन्हात गेले की आग होते आणि स्टिरॉइडमुळेच नव्या, एकसारख्या आकाराच्या पुळ्या येतात. घाबरून ट्यूब बंद केली की चार दिवसांत सगळे दुपटीने उसळते. पुन्हा लावली की शांत होते. घरच्यांना वाटते, या ट्यूबशिवाय हिला गुण येत नाही. दारू सोडलेल्या माणसाचे हात थरथरतात आणि घोट घेतला की थांबतात, तसलाच हा प्रकार आहे.

गजकर्णाच्या ट्यूबचे तर आणखी वाईट. पुष्कळ ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि तीव्र स्टिरॉइड अशी मिसळ असते. स्टिरॉइडने खाज लगेच थांबते, पण बुरशी मरत नाही, उलट पसरते. म्हणजे आत्याचे गजकर्णही बरे होत नाही आणि भाचीचा चेहराही जातो.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी लावायची चौदा स्टिरॉइडे अनुसूची 'एच' मध्ये घातली. याचा अर्थ, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. म्हणून पहारा आपल्यालाच ठेवायचा आहे. ट्यूबवर आर आणि एक्स जोडून काढलेली खूण किंवा लाल रेघ असेल तर ती विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावायची वस्तू नाही. दुकानात तोंडाने "पिंपलची क्रीम द्या" म्हणू नका; नाव वाचून घ्या, आणि वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला सांगा.

इथे आमची एक चूक कबूल करतो. वॉर्डात काम करत होतो तेव्हा वहिनीच्या धाकट्या बहिणीला हीच बीटामेथासोनची ट्यूब आम्हीच सांगितली होती, लग्न पंधरा दिवसांवर होते म्हणून. पंधरा दिवसांनी बंद कर, असे सांगायचे राहिले. दोन वर्षांनी भेटली तेव्हा ती अजून लावत होती. "तुम्हीच तर सांगितलं होतं ताई," ती म्हणाली. नर्स सांगते म्हणजे बरोबरच असणार, असे लोक धरून चालतात.

मुळात पंधरा दिवसांत चेहरा उजळवायची घाई कुठून येते, तेही पाहायला हवे. पाहुणे बघायला येणार असतात. सावळी मुलगी मागे पडते, आणि आपल्याच घरात "मुलगी चांगली आहे, रंगानं जरा..." असे वाक्य अर्धे सोडले जाते. मुरुमाचे औषध म्हणून आणलेल्या क्रीमपैकी निम्म्या तरी खरे म्हणजे गोरे होण्यासाठी आणलेल्या असतात. यातच ब्युटी पार्लरमधून किंवा बाजारातून मिळणाऱ्या बिननावाच्या डब्या येतात. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. पारा रंग फिका करतो आणि कातडीतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींचे मूत्रपिंड अशा क्रीममुळे बिघडल्याच्या बातम्या आल्या होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही असेच रुग्ण पुढे आले. डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, घटकांची यादी, तारीख नसेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. अशी क्रीम लावणाऱ्या बाईच्या पायांना किंवा तोंडाला सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा आणि डबी सोबत न्या.

खाण्याबद्दल थोडे. साखर, मैदा, थंड पेये, बेकरीचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांना मुरूम वाढू शकतात, एवढा संबंध अभ्यासांतून दिसतो. जिमला जाणारी पोरे दुधाची प्रोटीन पावडर घेतात, त्यांनाही पाठीवर, खांद्यावर पुळ्या येतात. ती थोडे दिवस बंद करून पाहावी. आंबा, शेंगदाणे, मिरची, मटण यांना दोष देण्यासारखा पुरावा नाही. आमचा खरा राग इथे आहे. "उष्ण पडतं" म्हणून मुलीची अंडी बंद, शेंगदाण्याचा लाडू बंद, मटणाचा रस्सा बंद. आधीच तिच्या अंगात रक्त कमी. पुळ्या जातील न जातील, ती पोर जिन्यावर धापा टाकायला लागते. खाणे तोडू नका.

घरचे जपणे सहा ते आठ आठवडे नेटाने करा; मुरूम आठवड्यात जात नाहीत. तेवढ्याने फरक पडला नाही, खोल दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, तर डॉक्टरकडे जायचे. मुलीची पाळी दोन-तीन महिने लांबत असेल आणि हनुवटीवर जाड केस येत असतील तर संप्रेरकांची तपासणी लागते, नुसत्या क्रीमने भागत नाही. पोर शाळेत जायचे टाळत असेल, फोटोत उभी राहत नसेल, तर तेही दाखवायला नेण्याचे कारण आहे. "एवढ्याशा पुळीसाठी दवाखाना?" असे म्हणू नका.

नागपूरचे मेडिकल, पुण्याचे ससून, मुंबईचे सायन आणि केईएम, छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीच्या औरंगाबादची) घाटी या सगळ्या ठिकाणी चर्मरोग विभाग आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. डॉक्टर बहुधा सुरुवातीला बेंझॉईल पेरॉक्साईडचे जेल देतात. ते वाटाण्याएवढे घेऊन मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ लावायचे, फक्त पुळीवर ठिपका देऊन उपयोग नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा, कातडी कोरडी पडते. आणि उशीला जुना फडका घाला. या जेलने कपड्याचा रंग उडतो, नव्या चादरीवर डाग पडला म्हणून औषध बंद केलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. गोळ्या मैत्रिणीच्या घेऊ नका. आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी मोठ्या मुरुमांवर गुणकारी आहे, पण गर्भ असताना घेतली तर बाळात गंभीर व्यंग येते. दिवस गेले असतील किंवा जायची शक्यता असेल तर डॉक्टरला न लाजता आधी सांगा.

काळ्या डागांसाठी घाई नको. नवे मुरूम थांबले आणि ऊन टाळले, छत्री, ओढणी, टोपी जे असेल ते वापरले, तर ते हळूहळू फिके होतात. खड्डे घरी भरत नाहीत, कोणत्याही लेपाने.

आणि ज्यांची ट्यूब महिनोन्महिने चालू आहे त्यांच्यासाठी : घाबरू नका, लपवू नका, ट्यूब घेऊन चर्मरोगाच्या ओपीडीत जा. ती कशी सोडवायची ते डॉक्टर ठरवतील. सोडल्यावर काही आठवडे चेहरा लाल होईल, आग होईल, आरशात पाहवणार नाही. त्याच दिवसांत घरातल्या माणसांनी सांभाळून घ्यायचे असते. आमच्या त्या नववीतल्या मुलीला तीन महिने लागले. आत्या दर खेपेला तिच्यासोबत ओपीडीत आली आणि स्वतःचे गजकर्णही तिथेच दाखवले. लाल रेषा अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, पण या पावसाळ्यात ती बैठकीला स्कार्फ न बांधता आली होती.

पुढच्या बैठकीला येताना घरात फळीवर, देव्हाऱ्याच्या जुन्या कोनाड्यात, कपाटात पडलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून आणा, संपत आलेल्यासुद्धा. नाव छापलेला भाग फाटलेला नसावा. आपण एकेक वाचून बघू.